प्राजक्ताचं अर्धं फळ

एक होता राजा, आणि त्याला होत्या दोन लेकी. थोरली केतकी, धाकटी मालन. राजाच्या लेकी खऱ्या, पण झोपायच्या एकाच गोधडीत, आणि तुमच्यासारखीच ती ओढायच्या, बरं का! ऊर्मी, पाय आवर.

मग काय झालं, केतकीचं लग्न ठरलं. तेही पार डोंगरापल्याड. मालन रडून रडून अर्धी झाली. ताईच्या ओटीत आपलं काहीतरी घालायचंच, असं तिनं ठरवलं. अंगणात होता प्राजक्त. तिनं फुलं वेचली, ती दुपारपर्यंत सुकली. मग फांदी तोडली, तिनं संध्याकाळी मान टाकली. मग तिला दिसलं एक वाळकं फळ. चपटं, तपकिरी, मोठ्या टिकलीसारखं. उघडून बघते तर आत दोन खोल्या, मधे पातळशी भिंत, आणि दोन्हीकडे एकेक बी!

"ताई, अर्धं तुला, अर्धं मला," मालन म्हणाली. "तुझ्या झाडाला फूल आलं की मला भेटायला यायचं. माझी शपथ आहे तुला!"

केतकीनं आपलं अर्धं ओटीच्या तांदळात जपून ठेवलं.

सासरी ओटीच्या तांदळाची खीर करायची रीत. सासूबाईंनी तांदूळ सुपात घेतले, भराभरा पाखडले, आणि फोलपट समजून ते बी गेलं मागच्या दारी! नव्या नवरीनं बोलायचं कसं? केतकीनं एकदा शोधलं, दोनदा शोधलं, तिसऱ्यांदा न्हाणीच्या चिखलात बसून रडली. आता कुठली मालन आणि कुठलं माहेर, असंच वाटलं तिला.

पण बी कुठं कुणाचं ऐकतंय? न्हाणीचं पाणी पीत राहिलं. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, आणि एका सकाळी सगळं घर घमघमलं. सासूबाई धावत मागच्या दारी.

"अगं बाई! केतकी, हे झाड कोणी लावलं गं?"

"तुम्हीच, सासूबाई. सूप पाखडताना."

मग केतकीनं सगळं सांगितलं. सासूबाईंचे डोळे भरले. "वेडी गं वेडी! तेव्हाच का नाही बोललीस?" असं म्हणून त्यांनी मेणा मागवला आणि तिची ओटी फुलांनी भरली.

फुलं वाटेत सुकली. पण केतकी पोचली. दोघी बहिणी पुन्हा एका गोधडीत झोपल्या, आणि गोधडी कोणी ओढलीच नाही.

झाली गोष्ट. आता रेवा या कुशीला, ऊर्मी त्या कुशीला. मधली पातळशी भिंत मी. झोपा गं माझ्या बियांनो.