मालनची चटई

ग्रंथालयामागच्या या कडुनिंबाखाली अंथरलेली चटई दिसतेय ना? चपला काढूनच या हं. आमच्या विद्यापीठात नाटकाच्या मंडळाला कुणी मंडळ म्हणत नाही, ग्रुपही म्हणत नाही. चटई म्हणतात. "तू कुठल्या चटईचा रे?" असं नव्या पोराला विचारतात. कुणी नाटक सोडलं की "त्यानं चटई सोडली" म्हणतात. हसू नका. या चटईपायी एक जीव गेलाय.

फार जुनी गोष्ट. तेव्हा इथं सभागृह नव्हतं, दिवे नव्हते. मालन काटदरे नावाची एक मुलगी नाटकं बसवायची. आईनं विणलेली शिंदीची चटई तिनं वसतिगृहातून आणली, या झाडाखाली टाकली आणि म्हणाली, हाच आपला रंगमंच. बाकीची पोरं कुचेष्टेनं "आले चटईवाले" म्हणायची. पण मालन मोठी खमकी. तिनं नेमच घातला, की चटईवर बोलायचं ते भूमिकेतलं. स्वतःचं काही सांगायचं असेल, अगदी तहान लागली असेल, तरी आधी खाली उतरायचं.

हा नेम भालचंद्र ढोलेसाठी घातला होता, असं सांगतात. भालचंद्र तिचा मुख्य नट, आणि तिच्या जिवाभावाचा. पण भारी वात्रट! तालीम रंगात आली की मध्येच "मेलो, मेलो" करून सगळ्यांना पळवायचा आणि मग खो खो हसायचा. लहानपणच्या तापानं त्याचं काळीज अधू झालं होतं, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मालननं भूमिका काढून घेतली असती ना.

स्पर्धा तोंडावर आली होती. भालचंद्र मरणाला टेकलेल्या राजाचं काम करत होता. त्या संध्याकाळी तो गुडघ्यांवर बसला, छाती धरली आणि म्हणाला, "मालन, थांब गं. दुखतंय."

पोरं भान हरपून बघत राहिली. इतकं हुबेहूब सोंग त्यानं कधी आणलं नव्हतं म्हणे. मालनला मात्र उठावं, असं वाटलंही. पण परवाच तो असाच फसवून हसला होता, आणि नेम तर तिचाच. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "खरं असेल तर खाली उतर."

तो उतरायला निघाला. सरपटत काठापर्यंत आला. एक हात चटईबाहेर मातीवर टेकला, आणि तिथंच राहिला.

त्याच चटईवर घालून त्याला टेकडीखालच्या दवाखान्यात नेलं. पण वाटेतच सगळं संपलं होतं. मालन रडली नाही म्हणे, नुसता हात धरून चालत राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती या झाडाकडे फिरकली नाही. मग एकदा चटई स्वच्छ धुऊन घेऊन आली आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"तो उतरत होता," ती म्हणाली. "माझा नेम पाळत होता रे तो." आणि तेव्हा कुठं ती ढसाढसा रडली.

पोरांनी विचारलं, नेम मोडायचा का? ती म्हणाली, "नेम राहू दे. त्यात एवढीच भर घाला. त्यानं मला हाक मारली होती. यापुढं चटईवर कुणीही माझं नाव घेतलं, की हातातलं टाकून धावायचं. खरं की खोटं, विचारायचं नाही."

तिनं पुन्हा नाटक बसवलं नाही. चटई मात्र पोरांकडेच ठेवून गेली. पुढं जी जी मंडळं निघाली, त्यांनी तोच नेम घेतला आणि तेच नाव लावलं. कुचेष्टेचा शब्द असा मानाचा झाला.

आजही इथल्या कुठल्याच नाटकात मालन नावाचं पात्र नसतं. दरवर्षी एखादा नवा वात्रट पोरगा गंमत म्हणून चटईवर ओरडतोच, "मालन!" सगळे धावतात. कुणी पाणी आणतं, कुणी त्याच्या शर्टाची बटणं सोडतं. मग तो हसायला लागतो. त्याला कुणी रागावत नाही. हसतोय ना, मग बरं झालं, असं म्हणतात आणि तालीम पुढं सुरू करतात.