बोळातले सतरा नमुने

एकदा एका व्यापाऱ्याने नवे घर बांधले. त्या घरात सगळे त्याच्या मनासारखे झाले, एक बोळ सोडून.

दारातून आत आले की डाव्या हाताला बैठकीची खोली, आणि समोर हा लांब बोळ, थेट स्वयंपाकघरापर्यंत. बोळाच्या दोन्ही भिंतींना व्यापाऱ्याने हौसेने लाकडी फळ्या लावून घेतल्या होत्या. खालपासून वरपर्यंत, चौकटी पाडून. सुताराने काम असे केले होते की सांधा हाताला लागू नये. आता फक्त रंग राहिला होता, आणि त्या रंगाने सगळे घर टांगणीला लावले होते.

काम एका म्हाताऱ्या रंगारणीकडे होते. नवऱ्यामागे तिने ब्रश हातात घेतला तेव्हा गाव हसले; पुढे त्याच गावाच्या निम्म्या भिंती तिच्या हाताखालून गेल्या आणि हसणारे तिच्या दारी खेपा घालू लागले. तिचा एक शिष्य होता. अकरा वर्षे तिच्याकडे राबलेला. हात सफाईदार, जीव मात्र उतावीळ. या घराचे काम त्याच्याकडे सोपवताना म्हातारी म्हणाली होती, "हे घर तुझं. मालकाला रंग पसंत पडला आणि काम वेळेत उरकलं, की पुढची कामं तू तुझ्या नावावर घे. नाही जमलं, तर आणखी दोन वर्षं माझी डबडी धू."

डबडी धुण्याचा शिष्याला वीट आला होता. त्याने बोळाच्या डाव्या भिंतीवर रंगांचे नमुने लावायला घेतले. मोतिया लावला, व्यापारी म्हणाला, दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आमसुली लावला; म्हणाला, विहिरीत उतरतोय की काय. पारवा पाहून म्हणाला, बरा आहे. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, बरा आहे म्हणजे काय, बरा तर कुणाच्याही घरी असतो. विटकरी, शेवाळी, अबोली, बदामी. पट्टे वाढत गेले आणि भिंत गोधडीसारखी दिसू लागली. सतरावा पट्टा वाळायच्या आत व्यापाऱ्याने हात झटकले.

"आज मंगळवार. पुढच्या शुक्रवारी माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. मोठ्या घरची माणसं याच बोळातून स्वयंपाकघराशेजारच्या देवघराकडे जाणार. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं की घराचं वजन कळायला हवं! तुझ्याने होत नसेल तर सांग, मी शहरातून माणूस बोलावतो."

शिष्य धावत म्हातारीकडे गेला. ती आली. बोळातून एकदा आत गेली, एकदा बाहेर आली. सतरा नमुन्यांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. उजव्या भिंतीला नुसते रंगाआधीचे पांढरे अस्तर लावलेले होते; त्या भिंतीपुढे ती थांबली.

"हिला अस्तराचा आणखी एक हात दे," ती म्हणाली. "आणि मग आठ दिवस हिला कुणी शिवायचं नाही. तू तर नाहीच नाही. समोरचे नमुनेही तसेच राहू देत."

"आठ दिवस?" शिष्य ओरडलाच. "आजी, साखरपुड्याला दहा दिवस राहिलेत!"

"मला मोजता येतं."

व्यापारी दारात उभा राहून ऐकत होता. "अहो आजीबाई, आठ दिवस भिंत कोरी ठेवून काय होणार?"

"भिंत सांगेल काय ते."

"भिंती कधीपासून बोलायला लागल्या?"

"शेठ, माणसं गप्प बसली की बोलतात."

म्हातारी निघून गेली. व्यापाऱ्याने शिष्याकडे असे पाहिले, जणू शहरातला माणूस स्टेशनवर उतरलाच आहे.

तेव्हापासून शिष्याला चैन पडेना. सकाळी येऊन तो मागच्या खिडक्यादारे रंगवी आणि दुपारी तीनच्या आत सामान आवरून निघे, कारण चारला व्यापाऱ्याची बैठक भरे आणि पाहुण्यांच्या नजरेला डबेब्रश पडलेले त्याला चालत नसत. जाता-येता त्याचे डोळे त्या पांढऱ्या भिंतीकडे जात. एका दिवसात तिच्यावर कोपरांचे ठसे उमटले, पिशव्यांचे घासे उठले. रंगाऱ्याला अस्तरावरचा डाग म्हणजे डोळ्यातले कुसळ. तरी त्याने हात आवरला.

दुसऱ्या सकाळी मात्र त्याने नवीनच पाहिले. बैठकीच्या दारापासून दोन पावले आत, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, बशीएवढा एक तेलकट डाग. त्याच्या खाली, गुडघ्याच्या जरा खालच्या बाजूला, टाचेचा काळपट ठसा.

तो मागे वळून गेला. परत आला. पुन्हा गेला. शेवटी त्याने टर्पेंटाइनचा बोळा घेतला, डाग पुसला, पॉलिश पेपर मारला आणि वर अस्तराचा हात फिरवला. कुणी पाहिले नाही.

तिसऱ्या सकाळी डाग तिथेच. तितकाच, त्याच उंचीवर. त्याने पुन्हा पुसला. चौथ्या सकाळी पुन्हा. आता तो चिडला. कोण हे घाणेरडे माणूस, टेकायला दुसरी जागा नाही का घरात? त्याने डाग तिसऱ्यांदा पुसला आणि जाताना रंगकामाची मोठी फळी त्या जागी आडवी लावून ठेवली. पाचव्या सकाळी फळी नीट उचलून बाजूला ठेवलेली होती, तिच्यावरची धूळही पुसलेली होती. आणि भिंतीवर डाग होता.

त्याच दुपारी व्यापाऱ्याने शहरातल्या माणसाला निरोप धाडल्याचे शिष्याच्या कानावर आले. तो म्हातारीच्या दारात जाऊन धापा टाकत उभा राहिला आणि सगळे कबूल करून मोकळा झाला.

"तीनदा पुसलास?" म्हातारीने विचारले.

"तीनदा."

"कुणाचा आहे, हे विचारलंस?"

"कुणाचा का असेना, आजी! भिंत आपली आहे ना?"

म्हातारी हसली. ते हसणे काही गोड नव्हते. "चप्पल घाल. चार वाजत आलेत."

ती दोघे मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. म्हातारीने त्याला दाराआड उभे केले आणि ओठांवर बोट ठेवले. शिष्याने बोळात पाहिले.

तिथे व्यापाऱ्याची बायको उभी होती. डोके भिंतीला टेकलेले, एक पाय मुडपून टाच मागे भिंतीच्या फळीला लावलेली. तो पाय भरून आला की ती दुसरा घेई. बैठकीतून हसण्याचे, भावतावाचे आवाज येत होते. आतल्यांना ती दिसत नव्हती, अशीच ती जागा होती. बराच वेळ गेला. मग आतून व्यापारी दोनदा खाकरला.

बाई लगबगीने स्वयंपाकघरात आली. या दोघांना पाहून दचकली, पण थांबायला तिला सवड कुठली! पाच कप भरले. पाचच का, तर बोलणारे आवाज तिने मोजले होते. ट्रे घेऊन ती आत गेली, रिकाम्या हाताने बाहेर आली आणि पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली.

आत कुणी म्हणाले, "शेठ, तुमच्या घरची शिस्त पाहावी! हाक नाही, ओरडा नाही, चहा हजर."

"आमच्याकडे सगळं न सांगता होतं," व्यापारी म्हणाला.

शिष्याचे कान तापले. पुरुष असे बोलतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, त्यांना खरेच तसे वाटत असते. तेच तर अवघड!

पाहुणे पांगल्यावर व्यापारी बोळात आला. म्हातारीला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. "का हो, बोलली का भिंत?"

म्हातारीने शिष्याला कोपराने ढोसले. "विचार. काम तुझं आहे."

शिष्य पुढे झाला. पण तो व्यापाऱ्याकडे वळला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "या सतरांतला कोणता तुम्हाला बरा वाटतो?"

"तिला काय विचारता?" व्यापारी म्हणाला. "तिचं स्वयंपाकघर झालंय रंगवून."

बाईने एकवार नवऱ्याकडे पाहिले. मग मान खाली घालून, नमुन्यांकडे न बघताच, ती सांगू लागली. "तो पहिला, मोतिया, साडेपाचला दारातून उन्हाची तिरीप येते तेव्हा डोळ्यांत खुपतो. आमसुली, दिवा लावला की, काळा ठिक्कर पडतो. अबोली आधी छान वाटतो, मग त्याचा कंटाळा येतो. पारवा थंड आहे, पण पाय दुखायला लागले ना, की त्याच्याकडे बघून उगाच रडू येतं. खालच्या ओळीतला तो बदामी... तो कुठल्याही वेळी त्रास देत नाही."

व्यापारी थक्क झाला. "तुला हे सगळं कसं ठाऊक?"

"समोरच असतात की. रोज दोन तास. तुम्ही खाकरेपर्यंत मी दुसरं काय बघणार?"

मग म्हातारी पुढे झाली आणि तिने त्या तेलकट डागावर बोट ठेवले.

"शेठ, पाहुणा या बोळातून जातो तो दहा पावलं. त्या दहा पावलांसाठी तुम्ही सतरा रंग नासवले आणि सगळ्यांचा जीव खाल्लात. जी इथे राहते, तिची या भिंतीला ओळख होती, तुम्हाला नव्हती." मग ती शिष्याकडे वळली. "आणि तू रे! पुसण्यात तीन दिवस घालवलेस. विचारायला एक श्वास पुरला असता. भिंत जिथे वारंवार मळते, तिथे कुणाचं तरी आयुष्य टेकलेलं असतं. आधी ते माणूस बघावं, मग डब्याचं झाकण उघडावं. हात तुझा चांगलाच आहे. पण नुसत्या हाताने रंगारी होत नाही."

व्यापारी त्या डागापाशी गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. समोर सतरा पट्टे. त्याने पाय बदलला. थोड्या वेळाने पुन्हा बदलला. हात मागे घेतले, पुढे घेतले. पाच मिनिटेही झाली नसतील, तो बाजूला सरला.

"बदामी लावा," तो हळूच म्हणाला.

"बदामीच लावा," बाई म्हणाली. "पण मी उद्यापासून इथे उभी राहणार नाही. चहा हवा असेल तर आत येऊन सांगा. आजींनीच मोजलीत, दहा पावलं आहेत."

व्यापाऱ्याने आधी म्हातारीकडे पाहिले, मग बायकोकडे. आपल्याच घरात आपण नवखे आहोत, हे ज्याला उतारवयात कळते, त्याच्या चेहऱ्यावर येते तसे काहीसे त्याच्या चेहऱ्यावर आले. "येईन," तो म्हणाला.

दोन्ही भिंती बदामी झाल्या, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वाळल्याही. शहरातला माणूस आला आणि चहा घेऊन परत गेला.

काम संपवून निघताना म्हातारी शिष्याला म्हणाली, "नदीपलीकडे एकाने माडी बांधली आहे, जिना रंगवायचाय. जा, तुझ्या नावावर घे."

अकरा वर्षे ज्या वाक्यासाठी तो थांबला होता, ते वाक्य त्याने ऐकले. मग विचारले, "आजी, त्या जिन्यावरून वर पाणी कोण नेतं?"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिले आणि ती चालू लागली.

तुमच्या घरात सगळे न सांगता होत असेल, तर अभिमान बाळगण्याआधी उठून बघा. कुणीतरी कुठेतरी उभे असेल.