झुंबर मुलांना वॉटर पार्कला नेतो

कुठल्याही गावात एक तरी भोळा असतोच, तसा त्या गावातही होता. नाव झुंबर. पिठाची गिरणी चालवायचा. गिरणी बरी चालायची, कारण जाडसर सांगितलं की जाडसर आणि बारीक सांगितलं की बारीक. फक्त एकदा एक म्हातारी म्हणाली होती, "बाबा, गव्हात खडे फार आहेत, जरा डोळ्यांत तेल घालून दळ." त्यानंतर दोन दिवस गिरणी बंद होती.

झुंबरच्या बायकोचं नाव उज्ज्वला. गाव झुंबरला भोळा म्हणायचं. उज्ज्वलाकडे दुसरा शब्द होता, पण तो ती चारचौघांत वापरत नसे. मुलगी रेवा सहा वर्षांची, मुलगा दौलत तीन वर्षांचा.

झुंबरचे साडू अरविंदराव शहरात राहायचे. ते एकदा बायकामुलांसह वॉटर पार्कला जाऊन आले आणि तेव्हापासून ते वॉटर पार्क आपणच बांधल्यासारखे बोलू लागले. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. पिवळ्या घसरगुंडीवरून पोरं सुर्रकन खाली येतायत, पाण्यात धपकन पडतायत. रेवाने तो इतक्यांदा बघितला की मोबाइल तापला. मग तिने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं की आम्ही सुट्टीत जाणार. आता न जाऊन चालणार नव्हतं.

उज्ज्वला म्हणाली, "अहो, अरविंद भाऊजींना विचारा काय काय तयारी लागते ते. आणि ते सांगतील तसंच करा."

झुंबरने फोन लावला.

"झुंबरराव," अरविंदराव म्हणाले, "लहान मुलं घेऊन जायचं म्हणजे प्लॅनिंग लागतं. असं उठलं आणि गेलं, नाही चालत. पहिली गोष्ट, तिथं रांगा फार. मुलांना आत्तापासून रांगेत उभं राहायची सवय लावा. कळलं का?"

"कळलं," झुंबर म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रेवाला आणि दौलतला अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पुढे रेवा, मागे दौलत. ऊन चढत होतं. दौलत म्हणाला, "बाबा, पुढं काय आहे?"

"काही नाही. नुसती रांग आहे."

तेवढ्यात शेजारच्या वत्सलाकाकूंनी रांग बघितली. त्या घरात गेल्या, पिशवी घेऊन आल्या आणि दौलतच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांना बघून तिघीचौघी आल्या. त्यांना बघून माजी सरपंच आले. थोड्या वेळाने रांग पार देवळापर्यंत गेली. कुणीतरी म्हणालं साखर आलीय, कुणी म्हणालं साड्या आल्यात. शेवटी सरपंचांनी झुंबरला विचारलं, "काय वाटतोस रे?"

"काहीच नाही. सवय लावतोय."

ते ऐकून रांगेतले दोघं घरी गेले. बाकीचे थांबले. इतका वेळ उभं राहून जागा कोण सोडणार?

आठवड्याने पुन्हा फोन झाला. अरविंदराव म्हणाले, "आता महत्त्वाचं. गेल्यावर तिकिटाला थांबू नका, पोरं कावतात. तिकीट आदल्या दिवशी काढायचं. आदल्या दिवशी. कळलं का?"

"कळलं."

झुंबर गावातल्या सेवा केंद्रात गेला. तिथं गणपत कॉम्प्युटरवर बसायचा. गणपतने विचारलं, "जायचं कधी?"

"शुक्रवारी."

"मग तिकीट शुक्रवारचं काढू?"

"नाही. आदल्या दिवसाचं."

गणपत गिऱ्हाइकाशी वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने गुरुवारचं काढून दिलं.

गुरुवारी दिवसभर उज्ज्वला चुलीपुढे होती. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बेसनाचे लाडू केले, दौलतसाठी वेगळ्या गोड दशम्या केल्या. शुक्रवारी पहाटे बबनच्या जीपमध्ये बसून सगळे निघाले. रेवा वाटेत एकदाही झोपली नाही.

वॉटर पार्कच्या दारात गणवेशातल्या माणसाने तिकीट बघितलं. उलटंसुलटं करून बघितलं.

"काका, हे कालचं आहे."

"हो," झुंबर म्हणाला. "आदल्या दिवसाचंच आहे."

"अहो, पण तुम्ही आज आलात."

"आज शुक्रवार ना. म्हणून तर गुरुवारचं आणलं."

त्या माणसाने उज्ज्वलाकडे बघितलं. उज्ज्वलाने जमिनीकडे बघितलं. तो म्हणाला, "काका, एक लक्षात ठेवा. कालचं आत चालत नाही. आत न्यायचं ते आजचं पाहिजे. कळलं का?"

"कळलं."

उज्ज्वलाने दिवाळीच्या साडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि नवीन तिकिटं घेतली. झुंबरला वाईट वाटलं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. उज्ज्वला दौलतला लघवीला घेऊन गेली. झुंबर आणि रेवा पिशव्यांपाशी थांबले.

पिशव्या तपासायला एक बाई होती. ती म्हणाली, "बाहेरचं खाणं नेता येत नाही." मग तिने रेवाकडे बघितलं. बाई भली होती. "पण लहान मुलांचं असलं तर राहू द्या. डब्यात काय आहे?"

"पुऱ्या, लाडू, दशम्या," झुंबर म्हणाला. "पण सगळं कालचं आहे."

"असू दे, टिकतं."

"नाही ताई. आत न्यायचं ते आजचं पाहिजे." आणि तिच्या देखत त्याने सगळा फराळ बाजूच्या पिंपात ओतला. डबे तेवढे पुसून पिशवीत ठेवले. रेवा म्हणाली, "बाबा, लाडू." झुंबर म्हणाला, "कायदा आहे, बाळा."

उज्ज्वला परत आली. पिशवी हलकी लागली. तिने डबा उघडला, बंद केला, दुसरा उघडला. समोरच वडापावची टपरी होती. तिथली किंमत विचारल्यावर उज्ज्वलाने वडापाव घेतला नाही, नुसता बघितला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलू लागली की झुंबरला भीती वाटायची. "पोरांच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. कितीही कुणी सांगू दे. आधी मला विचारायचं. कळलं का?"

"कळलं."

पिवळ्या घसरगुंडीला रांग होती. रेवाला रांगेचा सराव असल्यामुळे ती छान उभी राहिली. झुंबर तिच्याबरोबर जिने चढत गेला. खाली उज्ज्वला दौलतला घेऊन हात हलवत होती. अंगणातल्या रांगेपेक्षा ही लांब होती, पण हिच्या पुढं निदान काहीतरी होतं. अखेर ती दोघं वर पोचली. तिथल्या माणसाने रेवाला नीट बसवलं. पाणी सळसळत होतं. रेवाने श्वास धरला.

"सोडा, काका," तो माणूस म्हणाला. "द्या टाकून."

झुंबरने रेवाला उचलून परत घेतलं. "हिच्या आईला विचारून येतो."

तो रेवाला कडेवर घेऊन जिना उतरायला लागला. रांग चढत होती आणि झुंबर उतरत होता. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणाचा चष्मा पडला. खाली येऊन त्याने धापा टाकत विचारलं, "अगं, रेवाला टाकू का?"

उज्ज्वलाला आधी काही कळेना. कळल्यावर ती खालीच बसली. रेवाने भोकाड पसरलं. तिचा नंबर गेला होता आणि रांग आता रसवंतीच्याही पुढे गेली होती.

"तुम्हाला एवढं कसं समजत नाही?" उज्ज्वला म्हणाली. "पुढचा गेला की त्याच्या मागं आपण जायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही. सगळं जग असंच चालतं. कळलं का?"

"कळलं."

ऊन फार झालं होतं. उज्ज्वला पाणी भरून आणायला गेली. झुंबरने एका हाताला रेवा धरली, एका हाताला दौलत, आणि रांग कुठं मिळते ते बघू लागला. तेवढ्यात समोरून माणसांची एक ओळ गेली. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. शेवटच्या माणसाच्या मागं झुंबर चालू लागला. विचारलं नाही, थांबला नाही.

ओळ एका मोठ्या शेडमध्ये शिरली. एका पतसंस्थेची ती वार्षिक सहल होती. दारात एक बाई टोप्या वाटत होती. तिने रेवाला आणि दौलतला एकेक टोपी घातली. झुंबरला टोपी उरली नाही. मग पंगत बसली. श्रीखंड होतं, मसालेभात होता. मुलं पोटभर जेवली. जेवणानंतर अध्यक्षांचं भाषण झालं आणि उत्तम कर्जदार म्हणून कुणा सोनवण्यांचं नाव पुकारलं. सोनवणे आले नव्हते. कर्जदार म्हणून ते एरवीही कुठं येत नसत. झुंबरच्या पुढचा माणूस पाणी प्यायला व्यासपीठाकडे गेला, म्हणून झुंबर त्याच्या मागं गेला. अध्यक्षांनी झुंबरला हार घातला. फोटोही निघाला.

उज्ज्वलाने सगळा पार्क पालथा घातला होता. शेडच्या दारात तिला आधी नवऱ्याच्या गळ्यातला हार दिसला. तिने तिघांना बाहेर काढलं, हार कचऱ्यात टाकला. मग म्हणाली, "मी तोंड धुऊन येते, तोवर इथून हलायचं नाही. आता सोपं सांगते. ह्या पिवळ्या टोप्या दिसतायत ना? ह्या टोप्यांवरनं नजर हलवायची नाही. काही झालं तरी. कळलं का?"

"कळलं."

ती गेली. शेजारी गुडघाभर पाण्याचा तलाव होता, लहान मुलांचा, छोट्या घसरगुंड्यांचा. तिथल्या पोरीने हाक मारली, "या रे, या. टोप्या काढून ठेवा मात्र." रेवाने आणि दौलतने टोप्या काठावर ठेवल्या आणि पाण्यात उड्या घेतल्या.

झुंबर टोप्यांसमोर बसला. त्याने नजर हलवली नाही. वारा आला तेव्हा टोप्यांवर हात ठेवला. एक कावळा आला, त्याला हाकललं. त्याच्या पाठीमागं त्याची मुलं घसरगुंडीवरून किती वेळा खाली आली ते कुणालाच माहीत नाही, कारण मोजायला, सांगायला, शिकवायला तिथं कुणी मोठं माणूस नव्हतं. दिवसभरात त्यांना मजा आली ती तेवढ्याच वेळात. पाण्याचा कंटाळा आल्यावर ती छोट्या आगगाडीत बसली आणि उतरल्यावर बाबा कुठं ते काही सापडेना. कुणीतरी त्यांना ऑफिसात नेऊन बसवलं. तिथं बिस्किटं मिळाली.

उज्ज्वला परत आली. झुंबर टोप्यांकडे बघत होता.

"मुलं कुठायत?"

"मुलांचं तू काही बोलली नव्हतीस."

उज्ज्वला एका बाजूला पळाली आणि झुंबरला तिने दुसऱ्या बाजूला पिटाळलं. ऑफिसात आधी पोचला तो झुंबर. टोप्या हातात होत्याच. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "ही दोघं तुमचीच का?"

झुंबरने दोघांच्या डोक्यांकडे नीट बघितलं.

"नाही साहेब. आमची पिवळ्या टोपीची होती."

"बाबा," दौलत म्हणाला.

"सगळीच पोरं बाबा म्हणतात," झुंबरने साहेबांना समजावलं.

तेवढ्यात उज्ज्वला आली. दोन्ही मुलं तिला जाऊन बिलगली. तिने एकाला उचललं, दुसरीचं मनगट धरलं. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चला. बबन थांबलाय." आणि निघाली.

झुंबर निघणारच होता, पण साहेबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "काका, बसा. अहो, टोपीवरून कुणी माणूस ओळखतं का? वर्णन बघायचं. अंगात काय आहे, पायात काय आहे, हातात काय आहे. सगळं वर्णन जुळलं की तोच आपला माणूस. मग बिनदिक्कत त्याच्या घरच्यांच्या ताब्यात द्यायचा. कळलं का?"

"कळलं."

त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेर आला तोवर उज्ज्वला आणि मुलं गर्दीत दिसेनाशी झाली होती.

उज्ज्वला दारापाशी पोचली. मागं वळून बघते तर नवरा नाही. वाट बघितली, बघितली. मग ती भोंग्याच्या खिडकीशी गेली. तिथल्या मुलीने नाव विचारलं. उज्ज्वलाला नाव सांगायची लाज वाटली. ती म्हणाली, "नाव राहू द्या. वर्णन पुरे."

भोंगा बोलला. "लक्ष द्या. एक गृहस्थ हरवले आहेत. अंगात निळा शर्ट, करडी पँट, पायात चपला, हातात लहान मुलांच्या दोन पिवळ्या टोप्या. घरची माणसं मुख्य दरवाजाजवळ वाट बघत आहेत. कुणाला आढळल्यास आणून सोडावे."

झुंबर उभा राहिला. त्याला गलबलून आलं. हरवलेल्यांच्या घरच्यांचं काय होतं ते त्याने आजच बघितलं होतं. सकाळपासून तो दुसऱ्यांनी सांगितलेलं करत होता. हे एक काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. तो त्या गृहस्थाला शोधायला निघाला.

पाळण्यांपाशी बघितलं. रसवंतीत बघितलं. पतसंस्थेच्या शेडबाहेर बाकावर एक माणूस श्रीखंडाच्या गुंगीत आडवा झाला होता. निळा शर्ट. करडी पँट. चपला. हात तेवढे रिकामे होते. झुंबरने थोडा विचार केला आणि आपल्या हातातल्या टोप्या त्याच्या हातात दिल्या. आता वर्णन पुरतं जुळलं.

"उठा," झुंबर म्हणाला. "घरचे दारात ताटकळलेत."

त्या माणसाला वाटलं पतसंस्थेची बस सुटतेय. तो डोळे चोळत मुकाट्याने मागं चालू लागला.

दारात उज्ज्वला उभी होती. कडेवर दौलत पेंगत होता. झुंबरला दुरून बघून तिच्या जिवात जीव आला. झुंबर सरळ तिच्यापर्यंत आला आणि त्याने त्या माणसाला पुढं केलं.

"घे. निळा शर्ट, करडी पँट, चपला, टोप्या. सगळं तपासून आणलंय."

उज्ज्वला त्या माणसाकडे बघत राहिली. त्या माणसाने अदबीने नमस्कार केला. रेवाने त्याच्या हातातल्या टोप्या काढून घेतल्या.

"आणि तुम्ही?" उज्ज्वलाने कसंबसं विचारलं.

झुंबरने त्या माणसाला हाताला धरून जीपमध्ये बबनच्या शेजारी बसवलं आणि दार लावून घेतलं.

"जीपमध्ये आता जागा कुठाय?" तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं. मी येतो एसटीने."