तान्हूबाईनं पाटी वाचली

आजच्या म्हाताऱ्यांच्या आज्या परकर नेसून हिंडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. साळवणपेठेत तान्हूबाई रस्त्याकडेला बोरं विकायची. दर बाजारी दरोगा यायचा. ‘पाटी वाचली नाही का?’ म्हणून ओरडायचा आणि लाथेनं टोपल्या उलथवायचा. चौकातल्या खांबावर नियमांची पाटी होती खरी. पण विकणाऱ्यांत एकालाही वाचता येत नव्हतं. आपल्याला बसायची मनाई आहे, असंच सगळे धरून चालले होते.

एकदा मातीतली बोरं वेचता वेचता तान्हूबाईला वाटलं, आपण ज्याला एवढं भितो, ते आहे तरी काय? ती शाळेतल्या गुरुजींना पाटीपाशी घेऊन आली.

गुरुजींनी वाचलं. “बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून कुणीही बसावं, असं लिहिलंय. उठवायचं तर आधी पंचांपुढे बोलवावं लागतं.”

तान्हूबाई मटकन खाली बसली. इतकी वर्षं! तिला रडू आलं, रागही आला. मग डोळे पुसून म्हणाली, “गुरुजी, मला शिकवा.”

पन्नाशीची ती बाई एका हिवाळ्यात वाचायला शिकली. असं म्हणतात, ती बोरांनी अक्षरं मांडायची, आणि अक्षर पुरं होईपर्यंत पाखरंही बोराला चोच लावत नसत. मग तिनं रांगेतल्या सगळ्यांना शिकवलं. “किडकं खाली लपवू नका, गिऱ्हाईक परत फिरकणार नाही. सगळ्यांनी वांगीच आणू नका, आपापसांत ठरवून आणा,” हेही तीच सांगायची.

सगळी रांग वाचू लागल्यावर एका बाजारी दरोग्यानं पुन्हा पाय उचलला. तान्हूबाई उभी राहिली. 

“साहेब, वाट मोजा. गाडी जाते. आता नियम ऐका.”

अर्ध्यात तिचा आवाज बसला. तेव्हा शेजारची भाजीवाली पुढचं म्हणू लागली, मग कासारीण, मग सगळी रांग. असं म्हणतात, नदीपलीकडच्या डोंगरानंही तो नियम तीनदा म्हणून दाखवला. दरोग्यानं पाय हळूच खाली ठेवला. त्यानंतर पंचांत विकणाऱ्यांचंही एक माणूस बसू लागलं, पहिली तान्हूबाईच.

ती जाऊन किती वर्षं झाली, कुणाला सांगता येत नाही. पण पेठेच्या रांगेत एक जागा अजून मोकळी ठेवतात. तिला ‘तान्हूची जागा’ म्हणतात. नवखी कुणी टोपली घेऊन बावरून उभी राहिली, की तिला तिथं बसवतात. शेजारीण आपलं गिऱ्हाईक थांबवून विचारते, “वाचता येतं का गं? नसलं तरी बस. मी शिकवते.”