दाराकडची जागा

माणसं कोंबड्यांचं बोलणं ऐकून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. भुरी आणि तांबडी एकाच आईनं एकाच वेळी उबवलेल्या बहिणी. भुरी दांडगी, म्हणून खुराड्यात मागचा उबदार कोपरा तिचा. तांबडीच्या वाट्याला दाराकडची जागा आली. फटीतून मुंगसाचा वास यायचा. तांबडीचा सगळा जीव त्या वासाच्या धास्तीत अडकलेला, अंगाला पिसं फुटायला सवडच मिळेना. साधं खरचटलं तरी महिनाभर भरून येत नसे.

"माझी सख्खी बहीण, पण हिचं रक्तच खराब," भुरी सगळ्यांना सांगायची. ऐकून ऐकून तांबडीलाही ते खरं वाटू लागलं.

एकदा खुराड्याचं दार कुजलं. मालकिणीनं ती बाजू लिंपून टाकली आणि मागून नवं दार काढलं. आपली मानाची जागा सोडायची कशी, म्हणून भुरी तिथून हलली नाही.

दोन महिन्यांत तांबडीची पाठ पिसांनी भरली. भुरीची मात्र पिसं झडू लागली.

"तांबडे, माझंही रक्त खराब झालं का गं?" भुरीनं रडवेल्या आवाजात विचारलं.

तांबडीला बोलायला खूप होतं. पण तिनं आधी सरकून बहिणीला शेजारी जागा करून दिली.

"तुझं रक्त चांगलंच आहे गं," ती म्हणाली. "दार तेवढं तुझ्याकडे आलंय."