माहेरचे कडू लाडू

फार पूर्वी एक राज्य होते. इतके पूर्वी, की राजाची स्तुती करण्यासाठी पगार घेणाऱ्या भाटांनाही आज त्याचे नाव आठवणार नाही. राज्य लहान होते, पण नियम एखाद्या मोठ्या राज्याला पुरून उरावेत इतके होते.

या राजाने नदीपलीकडच्या एका मळेवालीची लेक राणी करून आणली होती. मळेवाली विधवा होती. नदीचे पाणी ओसरले की ती काठच्या गाळात वाफे पाडून मेथी पेरायची. कोवळी मेथी बाजारात जायची, उरलेली भाकरीबरोबर घरात संपायची. जून झालेली दाण्यांसाठी राखायची. दाणे लोणच्यात, दाणे फोडणीत, आणि दाण्यांचे पीठ लाडवात. कोणाचे गुडघे धरले, कोणाची कंबर भरून आली, कोणाची सून बाळंत झाली, की त्या घरी तिचे लाडू पोचायचे. ते असे कडू असत, की ते लवकर बंद व्हावेत म्हणूनच माणूस लवकर बरा होतो, असे गावकरी म्हणत.

राणीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही रीत राजवाड्यालाही माहीत होती. पण राजपुत्र कुडाच्या घरात जन्मला तर बखरीत काय लिहायचे, असा प्रश्न निघाला. मग राणीच्या आईलाच राजवाड्यात आणावे, असे ठरले. पण तिने बसायचे कुठे? राजाची सासू म्हणून आसनावर, की मळेवाली म्हणून जमिनीवर? दरबार यावर विचार करू लागला. विचार चालू असतानाच राणीला मुलगा झाला आणि बाळाचे बारसेही होऊन गेले.

राणी खिडकीपाशी पडून असायची. तिथून नदी दिसे, आणि नदीच्या पलीकडे एक बारीक हिरवी रेघ. ती मेथी होती. राणीची कंबर दुखे, बाळाला दूध पुरत नसे. राजवैद्यांनी मोत्यांचे भस्म दिले. ते महाग होते, यापलीकडे त्याचा गुण कोणाला सांगता आला नाही.

राजाने एकदा तिला विचारले, काय हवे. तिला आई हवी होती. पण तो विषय दरबारापुढे होता, म्हणून ती एवढेच म्हणाली की आईच्या हातचे मेथीचे लाडू हवेत. राजा भला माणूस होता. त्याने लगेच निरोप धाडला.

आईने लाडू वळले, डबा भरला आणि नावाड्याच्या हाती दिला.

राजवाड्यात बाहेरून आलेला घास आधी मुदपाकखान्याचे कारभारी चाखत. त्यांनी लाडू तोंडात घातला आणि खांबाचा आधार घेतला. विष असते तर सोपे होते, विषासाठी नियम होता. पण हा नुसता कडूपणा होता, आणि तो राणीसाहेबांच्या जिभेवर जाणार होता. कारभारी निष्ठावंत होते. त्यांनी लाडू फोडायला लावले, त्यांत खवा, साखर आणि केशर घालून पुन्हा वळायला लावले आणि वर चांदीचा वर्ख लावला. नीट झाले की नाही हे पाहायला बाजूला ठेवलेले काही मूळचे लाडूही त्यांनी पुन्हा पुन्हा चाखून पाहिले. कामात ते कसूर करत नसत.

राणीने डबा घाईने उघडला. लाडू गोड होता. तिने तो घास तोंडात बराच वेळ धरून ठेवला. मागून कडू चव येईल, अशी आशा होती. ती आली नाही. तिच्या मनात आले, आईसुद्धा मला राणी समजायला लागली. पण आईने केलेल्या वस्तूला नावे कशी ठेवायची? तिने निरोप पाठवला, “लाडू पोचले. गोड होते.”

नावाड्याने निरोप सांगितला तेव्हा आईने त्याला दोनदा विचारले. गोडच म्हणाली का? नावाडी म्हणाला, गोडच.

“मग खाल्लेच नाहीत तिने,” आई म्हणाली. “खाल्ले असते तर म्हणाली असती, आई, विष कालवलंस का ग? गोड होते म्हणून परक्या माणसाला सांगतात.”

तरी तिने पुन्हा लाडू केले. या वेळी मेथी मुद्दाम जास्त घातली. आता तरी भांडेल, असे तिला वाटले.

इकडे कारभाऱ्यांना एक नवल जाणवले होते. त्यांचे गुडघे बरीच वर्षे दुखत होते. जिना चढताना ते मध्ये थांबून भिंतीवरची चित्रे पाहत असल्याचे दाखवायचे. पण लाडू चाखल्यापासून चित्रे पाहायची गरज कमी झाली होती. म्हणून दुसरा डबा आला तेव्हा त्यांनी तो राणीसाहेबांना अयोग्य ठरवला आणि अधिक तपासणीसाठी घरी नेला. राणीकडे हलवायाचे लाडू गेले, डबा तेवढा माहेरचा.

राणीचा निरोप तोच गेला. या वेळी आईने नावाड्याला पाणी दिले आणि ती वाफ्यात जाऊन बसली.

थंडीभर डबे असेच येत राहिले. बाळ हसायला लागले, पालथे पडायला लागले. हिरवी रेघ खिडकीतून तशीच दिसत राहिली.

एक दिवस कारभारी भोजनाचा बेत सांगायला आले. आता ते स्वतः येत, आणि जिना भरभर चढून येत. त्यांनी वाकून मुजरा केला आणि राणी एकदम उठून बसली. जो माणूस रोज मेथी खातो, त्याच्या घामालाही मेथीचा वास येतो. दालनात ओल्या गाळाचा, चुलीचा, आईच्या पदराचा वास भरला होता.

“कारभारी, तुम्ही माझ्या आईकडे गेला होतात?”

“नाही, राणीसाहेब.”

“मग तिचा वास तुमच्या अंगाला कसा?”

कारभाऱ्यांनी जमिनीकडे पाहिले. मग ते हळूच म्हणाले, “राणीसाहेब, ते लाडू कडू होते.”

“किती कडू?”

“प्राण जाईल इतके.”

राणीला हसू आले आणि त्याच्यामागून रडू आले. “आणि तुम्ही ते रोज खाल्लेत.”

“गुडघ्यांसाठी, राणीसाहेब.”

राणीने बाळाला शालीत गुंडाळले आणि ती कोणाला न विचारता घाटावर गेली. पालखी मागवावी की नाही, हे ठरेपर्यंत नाव पैलतीराला लागली होती.

आई वाफ्यातले तण काढत होती. लेकीला पाहून ती उठली, तिने डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. “या, राणीसाहेब.”

राणीने इतके दिवस या भेटीची कितीतरी चित्रे मनात रंगवली होती. त्यांत हे नव्हते. ती वाफ्याच्या बांधावर मटकन बसली.

आईने घरातून डबा आणला. “आज धाडणारच होते. घाबरू नका, यात मेथी नाही घातली. तुम्हाला गोड आवडतात, असा निरोप होता ना.”

तेव्हा राणीने सगळे सांगितले. खवा, केशर, वर्ख, हलवाई, आणि शेवटी कारभाऱ्यांचे गुडघे. आई ऐकत होती. मग तिने विचारले,

“झाले का मेल्याचे बरे?”

“जिना धावत चढतो.”

“चला, कोणाला तरी कडू लागले,” आई म्हणाली. बोलताना तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. तिने तो सावरला नाही.

“आई, मला कर ना कडू. आत्ता.”

“आत्ता कसे होतील ग? मेथी दळायची, पीठ तुपात मुरू द्यायचे. दिवस जातात त्यात.”

“मग मी थांबते.”

आईने हातांची माती लुगड्याला पुसली आणि नातवाला पहिल्यांदा कडेवर घेतले. पालखी घाटावर आली, तेव्हा भोयांना सांगण्यात आले की मेथी मुरेपर्यंत बसा.

राणीची कंबर पुढे सुधारली, दूधही वाढले. कारभाऱ्यांना लाडू मिळेनासे झाले आणि ते पुन्हा भिंतीवरची चित्रे पाहू लागले. पण नातवाचे पहिले हसू आजीने पाहिले नव्हते, आणि ते कोणालाही परत आणता आले नाही.

तात्पर्य: मायेने धाडलेले कडू वाटेत कोणी गोड करू नये, ते गोड होते, पण पोचत नाही.