एकेचाळीस पट्ट्या

शप्पथ, हे खरंच घडलंय. म्हणजे मी तिथे नव्हतो. ज्याने सांगितलं तोही नव्हता. पण घडलंय.

"एकदम सगळे कसे डिलीट करायचे?" मालनबाई विचारत होत्या.

गडहिंग्लजच्या एका वाचनालयाचा ओटा. समोर शेवंताक्का, वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावाचे फोन जोडून दिले, आता म्हाताऱ्या बायकांना मोबाईल शिकवतात. शिकवतात म्हणजे बहुतेक वेळ गप्प बसतात.

मालनबाई रिटायर्ड हेडबाई. शिकायला यायच्या तेही तपासणीला आल्यासारख्या.

"कुणाचे मेसेज?"

"आमच्या शरूचे. धाकटी बहीण, बेळगावची. आईचं शिलाई मशीन मला न विचारता महिला मंडळाला देऊन टाकलं. वर्षभर बोलले नाही मी. फोन आला की कट."

"मग?"

"पौषात गेली."

…

अक्कांनी फोन बघितला. आवाजी मेसेजच्या एकेचाळीस पट्ट्या. एकही ऐकलेली नाही.

"बाई, हे बोलणं आहे तिचं."

"बोलणं? मला वाटलं, शुभ सकाळचे फोटो उघडत नाहीयेत. आधी आधी मी प्रत्येक फोटोला गुलाब पाठवायचे."

"ऐका आधी. न ऐकलेलं डिलीट होत नाही."

"हा कुठला नियम?"

"फोनचा."

नियम म्हटल्यावर बाईंचा इलाज नव्हता. त्यांनी पहिली पट्टी दाबली.

"माले, आईचं मशीन मंडळातल्या बायका मागतायत गं. देऊ का? तुझा जीव आहे त्याच्यावर, म्हणून विचारते. नको म्हणालीस तर नाही देत."

खाली गुलाब. मालनबाईंचाच.

दुसरी पट्टी. "आला हं तुझा गुलाब! मोठ्या मनाची आहेस बाई. दिलं मी."

खाली अजून एक गुलाब.

मालनबाईंनी पदराने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"अक्का… खरंच न ऐकलेलं डिलीट होत नाही?"

"होतं."

…

"तिला उत्तर पाठवता येईल?"

अक्कांनी बाईंचं बोट धरून माइकच्या खुणेवर ठेवलं. "दाबून धरा. बोला."

बाईंनी दाबून धरलं. आकडे पळायला लागले. एक मिनिट झालं. दोन झाली. बाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग बोट सुटलं आणि ते तसंच गेलं. एकच टिक आली.

दुसरी येते का, म्हणून दोघी बघत राहिल्या.

"तुमची दक्षिणा काय देऊ?" बाईंनी विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात.

अक्कांनी शरूचे मेसेज बंद करून यादी खाली सरकवली.

"तुमच्या सुनेच्या पण तीन पट्ट्या दिसतायत. मंगळवारपासनं."

"तिचं काय एवढं… घरी जाऊन ऐकेन."

"दक्षिणा उधार ठेवत नाही मी. दाबा."